सॅक्सोफोन आणि पियानो : दोघांनीच जॅझची संध्याकाळ पेलायची तर

ड्रम नाहीत, डबल बेस नाही, फक्त सॅक्सोफोन आणि पियानो. अशी जोडी आयोजकाला परवडते, छोट्या सभागृहात मावते, आणि नीट जमली तर लोक दीड तास जागचे हलत नाहीत. तरीही बहुतेक जोड्या तयारी उलट्या टोकाने करतात. आधी आवडती गाणी निवडायची, महिनाभर घरी वाजवायची, आणि सभागृहातला पियानो पहिल्यांदा बघायचा तो थेट कार्यक्रमाच्या दिवशी. मग सॅक्सचा सूर पियानोला लागत नाही, दुसऱ्या गाण्यापासून लय पळू लागते आणि गाणी संपवायची कशी हे मंचावरच ठरवावे लागते.

या जोडीत न हलणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे पियानो. कार्यक्रम सुरू झाला की त्याचा सूर बदलता येत नाही आणि जागाही बदलता येत नाही. बाकी सगळे त्याच्याशी जुळवून घ्यायचे असते, म्हणून तयारीही तिथूनच सुरू करायची. ज्यांना जॅझची दहा-बारा स्टँडर्ड्स (सगळे जॅझवादक वाजवतात ती जुनी, रुळलेली गाणी) वाजवता येतात आणि ६० ते १५० खुर्च्यांच्या सभागृहात पहिल्यांदाच पूर्ण संध्याकाळ करायची आहे, त्या दोघांसाठी हा क्रम आहे.

## १. गाण्यांआधी पियानो बघा (तीन-चार आठवडे आधी)

दोघांनीही सभागृहात जा. पियानिस्टने सगळ्या ८८ पट्ट्या खालून वर एकेक करून वाजवायच्या, एकदा हळू आणि एकदा जोरात. कुठली पट्टी दाबल्यावर वर येत नाही, कुठली लागोपाठ दोनदा वाजत नाही, कुठल्या तारेला झणझण आहे, हे कागदावर लिहून घ्या. उजवे पेडल सोडल्यावर आवाज लगेच थांबतो का तेही बघा. खालच्या दोन सप्तकांकडे जास्त लक्ष द्या, कारण बेसचे सगळे काम तिथे होणार आहे.

मग सॅक्सवाल्याने सूर दाखवणारे ट्यूनर यंत्र लावून मधला ए तपासायचा. तो ४४० हर्ट्झला असायला हवा. वर्षानुवर्षे हात न लागलेले अपराइट पियानो बऱ्याचदा याच्या बरेच खाली बसलेले असतात. थोडा फरक असेल तर सॅक्सचा माउथपीस बाहेर ओढून भागते. फरक मोठा असेल तर भागत नाही. माउथपीस फार बाहेर ओढला की ज्या स्वरांना नळीचा कमी भाग लागतो ते (मधले बी, सी, सी-शार्प) जास्त उतरतात आणि खालचे स्वर कमी उतरतात. म्हणजे एक स्वर जुळवला की दुसरा बिघडतो. पियानो फार उतरलेला असेल तर तो जुळवणाऱ्या माणसाला, म्हणजे पियानो ट्यूनरला, आधीच सांगा. तो एका बैठकीत वर आणला तर तारा पुन्हा खाली सरकतात, म्हणून काही दिवसांच्या अंतराने दोनदा जुळवणी करावी लागते.

मुंबई-गोव्याच्या दमट हवेत पियानोचा साउंडबोर्ड (तारांचा आवाज वाढवणारी लाकडी फळी) ओल धरून फुगतो आणि सूर चढतो, विशेषतः मधल्या सप्तकात. एसी तासन्‌तास चालला की तोच सूर उतरतो. त्यामुळे शेवटच्या जुळवणीचा क्रम पक्का ठेवा : पियानो मंचावरच्या कायमच्या जागी आणा, एसी कार्यक्रमाच्या तापमानाला लावा, काही तास जाऊ द्या आणि मगच ट्यूनरला बोलवा.

सावध : जुळवून झालेला पियानो "जरा इकडे सरकवू या" म्हणून ढकलला की ट्यूनरचे पैसे आणि वेळ दोन्ही वाया जाऊ शकतात. जागा आधी नक्की करा.

पियानो नसेल आणि डिजिटल भाड्याने येणार असेल, तर ८८ वजनदार पट्ट्या, न डुगडुगणारा स्टँड आणि खरे सस्टेन पेडल मागा. पेडलची वायर यंत्र चालू करण्याआधी जोडा. बरीच मॉडेल चालू होतानाच पेडल ओळखतात. नंतर जोडले तर ते उलटे चालू शकते, म्हणजे दाबल्यावर आवाज तुटतो आणि सोडल्यावर लांबतो.

तपासा : भाड्याचा कीबोर्ड आदल्या रात्री कुठल्या तरी ऑर्केस्ट्रात वाजलेला असतो आणि तिथे गायकाच्या पट्टीसाठी ट्रान्सपोज बटण (सगळे स्वर एकदम वर-खाली सरकवणारे) सर्रास वापरतात. ट्रान्सपोज शून्यावर आणि ट्यूनिंग ४४० वर आहे ना, हे स्वतः बघा. दुसऱ्याच्या शब्दावर सोडू नका.

याच भेटीत आयोजकाशी दोन गोष्टी बोलून घ्या. जागा उघडी असेल, म्हणजे बाग, गच्ची किंवा रेस्टॉरंटचे अंगण, तर ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० नंतर ध्वनिवर्धक चालत नाही. बंदिस्त सभागृहाला आतल्यापुरती सूट आहे. दुसरी गोष्ट, कॉपीराइट असलेल्या रचना जाहीर कार्यक्रमात वाजवायला परवाना लागतो आणि आयपीआरएस ही संस्था तो देते. तो कोण काढणार हे विचारून ठेवा आणि गाण्यांची यादी संगीतकारांच्या नावांसह वेळेत द्या.

## २. पट्टी आणि कागद

सगळ्यात जास्त तालमी इथे वाया जातात. अल्टो सॅक्स (आकाराने लहान) ई-फ्लॅटचा असतो. त्याच्या कागदावर सी लिहिलेला असेल तर पियानोच्या हिशोबाने काळी दोन ऐकू येते. टेनर (मोठा, खालच्या आवाजाचा) बी-फ्लॅटचा, त्याचा सी म्हणजे काळी पाच. उलट दिशेने मांडायचे तर पियानो एफमध्ये असताना अल्टो डीमध्ये वाजवतो आणि टेनर जीमध्ये. पियानो बी-फ्लॅटमध्ये असेल तर अल्टो जीमध्ये आणि टेनर सीमध्ये.

फ्लॅटच्या पट्ट्या सॅक्सला सोयीच्या पडतात. शार्पच्या पट्ट्यांत त्रास होतो. पियानो ई मेजरमध्ये गेला की अल्टोला सी-शार्प मेजर आणि टेनरला एफ-शार्प मेजर येते. पण केवळ बोटांच्या सोयीसाठी पट्टी बदलू नका. आधी बघा की गाण्याची मूळ चाल सॅक्सच्या कुठल्या भागात पडते. अगदी खालचे बी-फ्लॅट, बी आणि सी-शार्प हळुवार वाजवणे अवघड असते, ते भसकन बाहेर पडतात. संथ गाण्याची चाल तिथे येऊन विसावत असेल तर पट्टी वर घ्या, मग बोटांना कष्ट पडले तरी चालेल.

प्रत्येक गाण्याची दोन लीड शीट (चाल आणि कॉर्ड लिहिलेला कागद) करा : एक पियानोच्या पट्टीत, एक सॅक्सच्या. दोन्हींवर मात्राखंडांचे (बारचे) क्रमांक सारखे हवेत आणि कॉर्डही एकाच आवृत्तीचे हवेत. एकाने पुस्तकातून आणि दुसऱ्याने फोनवरच्या अॅपमधून घेतले की ब्रिजमध्ये (गाण्याच्या मधल्या, वेगळ्या भागात) हमखास टक्कर होते.

तपासा : नव्या गाण्याला हात घालण्याआधी दोघांनी पहिला स्वर आणि ब्रिजचा पहिला स्वर एकत्र धरून बघा. पट्टीची चूक दहा सेकंदांत सापडते.

## ३. यादी करताना घड्याळ समोर ठेवा

साधा हिशोब आहे. चार मात्रांच्या ३२ मात्राखंडांच्या गाण्याचे एक आवर्तन १२० च्या लयीत (मिनिटाला १२० मात्रा) ६४ सेकंदांचे होते. चाल एकदा, सॅक्सची तीन आवर्तने, पियानोची दोन, चार-चार मात्राखंडांची देवाणघेवाण एक आणि शेवटी पुन्हा चाल, अशी आठ आवर्तने म्हणजे साडेआठ मिनिटे. जोडीसाठी हे जरा लांबच आहे. ड्रम नसताना कानाला बदल मिळत नाही आणि सहाव्या आवर्तनानंतर श्रोत्याचे लक्ष सुटते. सॅक्सला दोन आणि पियानोला एक-दोन पुरेत.

संथ बॅलड ६० च्या लयीत असेल तर एकच आवर्तन दोन मिनिटांच्या वर जाते. तिथे पूर्ण चाल, मग दोघांनी अर्धे-अर्धे आवर्तन आणि शेवटी ब्रिजपासून चाल, एवढ्यात सव्वापाच मिनिटे होतात. १२ मात्राखंडांचा ब्लूज १२० ला २४ सेकंदांत फिरतो, म्हणून तिथे आवर्तने मोकळेपणाने वाढवता येतात.

पंचेचाळीस मिनिटांच्या एका भागात सहा गाणी ठेवा. दोन भाग, मध्ये १५-२० मिनिटांचे मध्यंतर. पहिले गाणे मध्यम लयीचे आणि दोघांच्या हातात पूर्ण बसलेले हवे, कारण मंचावर आवाज कसा येतो हे त्याच गाण्यात कळणार असते. अतिवेगवान गाणे एका भागात एकच. ब्लूज, तीन मात्रांचे एखादे, बोसा नोव्हाच्या (ब्राझीलच्या) ठेक्याचे एखादे, एक बॅलड, असा ठेका बदलत ठेवा. लागोपाठच्या दोन गाण्यांची पट्टी आणि लय दोन्ही सारखी असेल तर श्रोत्याला एकच गाणे लांबल्यासारखे वाटते.

आकारही तपासून घ्या. सगळी स्टँडर्ड्स ३२ ची नसतात. 'ऑल द थिंग्ज यू आर' ३६ मात्राखंडांचे आहे, त्याचा शेवटचा भाग आठऐवजी बाराचा. बेस आणि ड्रम असताना अशा जागी कोणीतरी सावरून घेते. इथे कोणी नसते.

## ४. लय कोणाच्या हातात, हे ओळीगणिक ठरवा

या टप्प्याला तालमींचा निम्मा वेळ द्या.

बेस नाही म्हटल्यावर पियानिस्ट घाबरतो आणि सगळेच वाजवू लागतो : डाव्या हाताने बेस, उजव्याने भरगच्च कॉर्ड, वर चालीची नक्कल आणि रिकामे वाटू नये म्हणून पेडल दाबून धरलेले. त्याने लय भक्कम होत नाही, उलट चिखल होतो. लय स्पष्ट सुरुवातीच्या आणि स्पष्ट शेवटाच्या थोड्या स्वरांतून कळते.

डाव्या हाताच्या चार-पाच पद्धती वेगवेगळ्या घोटून ठेवा. दर मात्रेला एक स्वर घेत चालणारा वॉकिंग बेस. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला मूळ स्वर, मध्ये तिसऱ्या-सातव्या स्वरांचा हलका कॉर्ड. खाली बेस आणि वर कॉर्ड असा उडी घेणारा स्ट्राइड. बोसा नोव्हासाठी मूळ स्वर आणि पंचम. आणि एकाच खालच्या स्वरावर थांबून राहणे. मोठ्या बँडमध्ये शिकलेले, मूळ स्वर वगळून धरलेले कॉर्ड इथे जपून वापरा. तिथे मूळ स्वर बेसवाला देत होता. इथे तो कोणीच देत नाही आणि सॅक्सच्या पायाखालची जमीन जाते. एखाद्या आवर्तनात मुद्दाम तसे करायचे असेल तर करा, पण ते आधी बोलून ठेवा.

आता प्रत्येक गाण्याचा नकाशा कागदावर काढा : कोणत्या आवर्तनात डावा हात काय करेल, कोण थांबेल, कोण लय धरेल. उदाहरणार्थ मध्यम लयीच्या ब्लूजमध्ये चालीला साधे कॉर्ड, सॅक्सच्या पहिल्या दोन आवर्तनांना तेच, तिसऱ्यापासून वॉकिंग, मग एक आवर्तन सॅक्स एकटा. हे एकटे आवर्तन जोडीची खरी ताकद आहे आणि बहुतेक जोड्या ते भीतीने टाळतात. तिथे सॅक्सवाल्याने कॉर्ड बदलताना तिसरा किंवा सातवा स्वर जोराच्या मात्रेवर ठेवायचा, म्हणजे पियानो नसतानाही कॉर्ड ऐकू येतो. पियानिस्टने हात मांडीवर ठेवून मात्राखंड मोजायचे आणि पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर परतायचे, तबलजी समेवर येतो तसे.

पियानोच्या सोलोत सॅक्सने काय करायचे हेही लिहा. पूर्ण शांत राहणे हा उत्तम पर्याय आहे. दुसरा म्हणजे शेवटच्या आवर्तनात तिसऱ्या-सातव्या स्वरांची लांब, हळू रेघ ओढणे. मध्येच सुचेल तसे तुकडे टाकणे नको.

पियानिस्टच्या उजव्या हातासाठी एक जागेचा हिशोब आहे. टेनर मधल्या सीच्या खाली साधारण सव्वा सप्तकापासून वर सव्वा सप्तकापर्यंत फिरतो आणि कॉर्ड धरायची नेहमीची जागाही तीच. टेनर तिथे वाजत असताना कॉर्ड दोन-तीन स्वरांचे करा किंवा वर सरका. टेनर वरच्या भागात गेला की मधली जागा तुमची.

सरावाचा क्रम असा ठेवा :

- मेट्रोनोम (ठोके देणारे लययंत्र) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर लावून पूर्ण गाणे.
- मग मेट्रोनोम दोन मात्राखंडांत एकदाच वाजेल इतका विरळ.
- मग मेट्रोनोम बंद, फोनवर रेकॉर्डिंग. पहिल्या आणि शेवटच्या चालीची लय मोजून फरक लिहा.

नेहमी आढळणारी चूक म्हणजे सॅक्सच्या सोलोत लय चढते आणि पियानोचा सोलो सुरू होताच बसते. कारण सरळ आहे. उजवा हात सोलोत गुंतला की डावा आळसावतो. उपाय म्हणून पियानिस्टने एकट्याने, सॅक्सशिवाय, फक्त स्वतःच्या सोलोची आवर्तने विरळ मेट्रोनोमवर वाजवावीत.

ऐकण्यासाठी एकच उदाहरण सांगतो : सॅक्सवादक स्टॅन गेट्झ आणि पियानोवादक केनी बॅरन यांचे मार्च १९९१ मधले कोपनहेगनच्या माँमार्त्र क्लबातले वादन. एकदा पूर्ण ऐका आणि दुसऱ्यांदा फक्त बॅरनच्या डाव्या हाताकडे कान द्या. तो कधी थांबतो ते टिपा.

## ५. सुरुवाती आणि शेवट वेगळे बसवा

एक संपूर्ण तालीम फक्त सुरुवाती आणि शेवट यांची घ्या. मधले सोलो वाजवूच नका. बारा गाण्यांच्या बारा सुरुवाती आणि बारा शेवट, लागोपाठ.

सुरुवातीला लय कोण देणार हे ठरवा. मनात चालीचे पहिले दोन मात्राखंड म्हणून मगच मोजणी द्यायची. शेवटाचे तीन-चार प्रकार पुरतात : शेवटचे चार मात्राखंड तीनदा, लय हळू करत थांबणे, एकाच वळणावर फिरत विरत जाणे, किंवा अचानक तोडणे. गाण्याच्या कागदावर शेवट लाल पेनाने लिहा.

खुणाही नक्की करा. डोक्यावर हात म्हणजे चालीकडे परत, चार बोटे म्हणजे चार-चारची देवाणघेवाण, वर केलेली मूठ म्हणजे शेवट. सॅक्सवाल्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून खूण सोलोच्या श्वासात आणि निदान चार मात्राखंड आधी द्यायला हवी.

सावध : शेवटचा लांब स्वर विरवताना सॅक्सचा सूर चढतो, कारण हळू फुंकताना ओठ आवळले जातात. पियानोचा कॉर्ड तिथेच असतो आणि फरक उघडा पडतो. जबडा सैल ठेवून, हवा तशीच चालू ठेवून हा स्वर स्वतंत्रपणे घोटा.

## ६. रीड आणि किरकोळ सामान

आठवडाभर आधीपासून तीन-चार रीड (माउथपीसवर बसणारी, फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी) आळीपाळीने वाजवा आणि त्यातल्या दोन निवडून ठेवा. कोरी रीड कार्यक्रमाच्या संध्याकाळी लावू नका. एसीमध्ये रीड चटकन सुकते, त्यामुळे ज्या गाण्यात सॅक्सला मोठी विश्रांती आहे तिथे पुन्हा वाजवण्याआधी ती ओली करून घ्या. दमट दिवसांत जी-शार्पची झाकणी चिकटते. पातळ कागद तिच्याखाली दाबून ओल टिपून घ्या. जादा लिगेचर (रीड माउथपीसला आवळून धरणारी कडी), गळ्याचा पट्टा, छोटा स्क्रू-ड्रायव्हर आणि कॉर्क ग्रीस पेटीत हवेच.

## ७. कार्यक्रमाचा दिवस

सात वाजता सुरुवात आहे असे धरा. एकला पियानो जागेवर आणि एसी चालू. तीनला ट्यूनर, त्याला दीड-दोन तास आणि पूर्ण शांतता द्या. पाचला साउंड चेक. सहाला मंच रिकामा.

साउंड चेकची सुरुवात माइकशिवाय करा. ८०-१०० खुर्च्यांच्या सभागृहात सॅक्सला बहुधा माइक लागतच नाही. एकाने मागच्या रांगेत जाऊन ऐका. पियानोचे झाकण आधी अर्धे उघडून बघा. माइक घ्यायचाच असेल तर तो सॅक्सच्या तोंडात खुपसू नका. सॅक्सचा आवाज सगळ्या छिद्रांतून येतो, म्हणून वीतभर किंवा थोडा जास्त लांब, तोंड आणि डाव्या हाताच्या मधल्या जागेकडे रोखलेला ठेवा.

उभे राहण्याची जागा पियानोच्या वळणात, पियानिस्टशी नजर भिडेल अशी. सॅक्सचे तोंड पियानोच्या माइककडे नको.

सूर जुळवण्याआधी सॅक्स निदान दहा मिनिटे वाजलेला हवा. थंड सॅक्स उतरलेला असतो आणि गरम झाला की चढतो. नळीतली हवा एका अंशाने तापली की सूर साधारण ३ सेंट वर जातो (एका सेमीटोनचे १०० सेंट). पाच अंशांचा फरक म्हणजे १५ सेंट, आणि एवढे कोणालाही ऐकू येते. पियानोचा ए घ्या : अल्टोसाठी तो एफ-शार्प, टेनरसाठी बी. मग खालचा, मधला, वरचा असा प्रत्येक भागातला एकेक स्वर पियानोच्या कॉर्डवर धरून बघा. नजर ट्यूनर यंत्रावर नको, कान कॉर्डवर हवा.

तपासा : मध्यंतरात सॅक्स स्टँडवर थंड होतो. दुसरा भाग सुरू होण्याआधी आत पाच मिनिटे वाजवा आणि मंचावर पहिल्या गाण्याच्या आधी पियानोचा एक स्वर घेऊन जुळवा. श्रोत्यांसमोर हे करायला संकोच नको.

## ८. मंचावर

बोलणे एकानेच करावे आणि थोडे. दर दोन-तीन गाण्यांनंतर नावे सांगितली तरी पुरते.

वाट चुकली तर काय, हे आधी ठरलेले हवे. माझा नियम असा : सॅक्सने लगेच थांबायचे आणि पियानिस्टने पुढच्या भागाच्या पहिल्या मात्रेवर मूळ स्वर खाली ठळक वाजवायचा. तो चुकीच्या जागी असला तरी तोच आता बरोबर. वाद नंतर ग्रीन रूममध्ये घाला.

पहिल्या गाण्यानंतर लय चढलेली जाणवली तर दुसऱ्या गाण्याची मोजणी पियानिस्टने द्यावी. टाळ्यांच्या जोरावर सॅक्सवाला पुढचे गाणे नेहमीच वेगाने मोजतो.

वन्स मोअरसाठी एक छोटे गाणे राखून ठेवा, तीन-साडेतीन मिनिटांचे, ब्लूज असेल तर उत्तम. उघड्या जागेत पावणेदहा वाजून गेले असतील तर तेही सोडून द्या.

संपल्यावर सॅक्समधून फडके ओढून ओल काढा आणि रीड काढून डबीत ठेवा. रेकॉर्डिंग त्याच रात्री ऐकू नका. दोन दिवसांनी दोघे मिळून, चौथ्या टप्प्यातले नकाशे समोर ठेवून ऐका आणि जिथे लय सुटली तिथे मात्राखंडाच्या क्रमांकावर पेन्सिलीने खूण करा.